घरच्या हातची कणीक

अंबादासबुवा गेले हे मनीषाने फोनवर सांगितलं, तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. मनीषा माझी धाकटी बहीण. फोन मी खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला होता. चेन्नईजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी चपात्यांच्या कामावर आहे. कणीक मशीनच मळतं, पण पाणी बरोबर पडलं का ते शेवटी हातानेच बघावं लागतं, आणि ते काम माझ्याकडं आहे. ती म्हणाली, "दादा, बुवा गेले. सकाळी, झोपीतच." मी "बरं" म्हणालो. जेवणाची घंटा व्हायला वेळ कमी होता आणि रजा मिळणार नव्हती. तिने "येतो का?" असं विचारलंसुद्धा नाही.

म्हणून हे लिहायला बसलो आहे. मी नववीतून शाळा सोडली, त्यामुळं प्रत्येक ओळ लिहिताना धाकधूक होते की काहीतरी चुकतंय. पण बुवांबद्दल गावात जे बोललं जायचं तेही चुकीचंच होतं, आणि ते दुरुस्त करून ठेवणारं आता कोणी दिसत नाही.

आमचं गाव शहागडपासून पायी अर्ध्या तासावर, गोदावरीच्या काठाला. बुवा तिथले पखवाज वाजवणारे. घराणं मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून तुकडाभर जमीन घेतली आणि गावात घर बांधलं. बुवांनी जुन्या धंद्याची आठवण म्हणून तीन शेळ्या ठेवल्या होत्या. त्यांतली एक तुरुतुरु चालायची, तिचं नाव त्यांनी तिरकिट ठेवलं होतं. पखवाजाचा बोल आहे तो. संध्याकाळी बुवा दारात उभे राहून "तिरकिट, ए तिरकिट" असं ओरडायचे तेव्हा नवा माणूस चमकून बघायचा.

माणूस उंच, पाठीत वाकलेला. पखवाज गोधडीच्या खोळीत घालून असा छातीशी धरायचे की कुणाचं आजारी लेकरू दवाखान्यात नेऊन राह्यलेत असं वाटावं. बोलणं फार कमी. सगळ्याला एकच उत्तर, "बराबर." पाऊस पडला, बराबर. पाऊस नाही पडला, तरी बराबर. जांब समर्थला रामनवमीच्या उत्सवात ते दरवर्षी कीर्तनाला साथ करायचे. तिथं मोठमोठे कीर्तनकार त्यांचं नाव घेऊन वाहवा करायचे, तेव्हाही मान खाली घालून पुटपुटायचे, "बराबर, बराबर." जालन्यात मस्तगडला एका कारागिराकडं वर्षातून एकदा पखवाजाची पानं, म्हणजे तोंडावरची चामडी, बदलायला जायचे, तेवढाच त्यांचा प्रवास.

पण उत्सव आणि सप्ताह हे त्यांचं वरवरचं काम. खरं काम ज्या घरी माणूस गेलंय त्या घरचं. आमच्याकडं माणूस गेलं की दहा दिवस संध्याकाळी त्या दारात भजन होतं. बहुतेक ठिकाणी आपापल्या भावकीचे लोक येऊन म्हणतात. बुवांना भावकी नव्हती, जातही नव्हती. गावातलं घर असो, वस्तीवरचं असो, नदीच्या पल्याडचं असो, कळलं की ते निघायचे. बोलावणं लागायचं नाही आणि चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. सोबत टाळ घेऊन निवृत्तीकाका. हे त्यांचे जन्माचे जोडीदार, आणि बुवा जेवढे गप्प तेवढे हे बडबडे.

तर गावाची तक्रार अशी होती की बुवा पीठ विसरतात.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला गव्हाची ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय तो खालच्या आवाजात बोलत नाही, नुसता टमटम वाजतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी लावायची. म्हणून पखवाजवाला मूठभर पीठ सोबत बाळगतोच. बुवा उत्सवाला जाताना कधी विसरले नाहीत. विसरायचे ते दुःखाच्या घरीच. जाऊन बसायचे, खोळ काढायचे, हातोडीने ठोकून उजवी बाजू सुरात लावायचे, आणि मग पिशवी चाचपून म्हणायचे, "पीठ राह्यलं वाटतं घरी. बाई, मूठभर कणीक मळून देती का?"

निवृत्तीकाका सगळ्यांदेखत चिडवायचे. "बुवा, हातोडी आठवणीनं आणता. तंबाखूची डबी तर बिलकुल विसरत न्हाई. पीठच कसं विसरतं हो?"

"वय झालं."

"पंचवीस वर्षांपासून वय होऊन राह्यलंय तुमचं!"

मागं लोक याहून वाईट बोलायचे. रडत्या घरी जाऊन पीठ मागतो. भिकाऱ्याची सवय जात नाही. काही पोरं त्यांना पीठमाग्या म्हणायची. मीही म्हटलेलं आहे, ते इथं लपवत नाही.

मी नववीत असताना आमचे आण्णा गेले. आण्णांचं शहागडच्या हायवेला पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग उडाली. एवढंच लिहितो.

माय तेव्हापासून मधल्या खोलीत खांबाला टेकून बसली ती बसलीच. रडली नाही. बोलली नाही. बायका येऊन तिला धरायच्या, तिच्या गळ्यात पडून रडायच्या, तिचे हात तसेच मांडीवर उताणे पडलेले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, पण आमच्याकडं तिसऱ्या दिवशी घरची बाई उठून चूल पेटवते. माय उठली नाही. चौथा दिवस गेला, पाचवा आला. शेजारच्या शोभावहिनी भाकरी आणून द्यायच्या, माय तुकडा तोंडात धरून बसायची आणि थोड्या वेळाने काढून टाकायची. मनीषा अकरा वर्षांची होती. ती रोज मला विचारायची, "दादा, माय आता अशीच राहील का?" मला आण्णांपेक्षा त्या प्रश्नाचीच जास्त भीती वाटायची. बाप गेला, आता मायही जाऊन राह्यली, आपल्या डोळ्यांसमोर, बसल्या बसल्या, आणि आपल्याला काही करता येत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बुवा आले. ते आधी शेजारच्या गावातल्या एका घरी जात होते, म्हणून उशीर झाला. बसले. मायकडं बघून चार शब्द बोलतील असं वाटलं. त्यांना ते येतच नव्हतं. म्हणाले, "सुमन, पखवाज आणला. पीठ राह्यलं बघ घरी. मूठभर कणीक मळून देती का?"

शोभावहिनी झटकन उठल्या. "मी देते बुवा, जल्दी आणते."

"तुझ्या हातची नको."

"का बरं? माझ्या हाताला काय झालंय?"

"घरच्या हातचीच लागती."

कोपऱ्यात आमचे एक चुलत आजोबा बसले होते, ते तडकले. "अंबादास, सुतकाचं घर हाये हे! सुतकाचं पीठ पखवाजाला लावतो? देवाचं वाद्य हाये ते!"

बुवा म्हणाले, "चामड्याचं हाये तात्या. त्याला कसलं आलं सुतक."

आणि बसून राहिले. टाळ थांबलेले, माणसं खोळंबलेली. मला इतका राग आला की तो पखवाज उचलून बाहेर फेकावा. माझ्या मायला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि हा म्हातारा तिला काम सांगतोय. बुवांनी परत मागितलं नाही, मायकडं बघितलंही नाही. दाराकडं बघत बसले, गाडीची वाट बघावी तसे. किती वेळ गेला सांगता येत नाही. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली एवढं आठवतं.

मग माय उठली. खांबाला धरून उठली, कारण पाय आखडले होते. आत गेली. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. परात घेऊन ती दारात आली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"पाणी किती घालू?"

"तुला म्हाईत," बुवा म्हणाले.

ती तिथंच बसून मळायला लागली. मळता मळता तिचे खांदे हलायला लागले, आणि मग असा आवाज निघाला की मनीषा माझ्या पाठीमागं लपली. पण हात थांबले नाहीत. रडत होती आणि मळत होती. बुवांनी गोळा हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाले, "कमी हाये. अजून मळ."

कमी नव्हता. तीन पखवाजांना पुरला असता. मायने अजून पीठ घेतलं. बुवांनी त्यातला लिंबाएवढा तुकडा तोडला, डाव्या तोंडावर थापला, एकदा थाप मारली. तो आवाज छातीत गेला. मग परात मायकडं सरकवून म्हणाले, "उरलेलं वाया घालू नको. लेकरं हायेत घरात."

भजन चालू असतानाच आमची चूल पेटली. त्या दिवशी मायने केलेल्या पोळ्या जाड होत्या आणि खारट होत्या. मी सहा खाल्ल्या.

तरीही माझा राग गेला नाही. माय उठली ती बुवांमुळं हे मला त्या वयात कळलं नाही. मला एवढंच आठवत होतं की त्यांनी तिला रडवलं. मी शाळा सोडली, जालन्याला एका भांड्यांच्या दुकानात लागलो, मग ओळखीच्या एकाने दक्षिणेत काम बघितलं. निघायच्या आधी माय म्हणाली, बुवांच्या पाया पडून ये. गेलो. बुवा शेळ्यांमागं गेल्ते. घरात त्यांची बायको यमुनाक्का होत्या. मी जरा कुत्सितपणेच म्हणालो, "आक्का, तुम्ही तरी बुवांच्या पिशवीत पीठ टाकत जा. लोक हसतात."

आक्कांनी खुंटीवरच्या पिशवीतून एक फडकं काढलं, गाठ मारलेलं. "हे काय हाये मंग? रोज बांधून देते. उत्सवाला गेले तर मोकळं येतं. मौतीच्या घरून बांधलेलं तसंच परत येतं."

मला काही समजेना. त्यांनीच सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. सहा वर्षांची होऊन तापाने गेली. "सगळे म्हणले, बस बाई, तू बस. पाणी आणू न्हाई दिलं, झाडू हाती घेऊ न्हाई दिला. मायेनंच केलं सगळ्यांनी. मी बसूनच राह्यले. दोन महिने. एक दिवस हे कीर्तनावरून घरी आले, वाजवायला बसले, पीठ संपलेलं. यांच्या ध्यानातच न्हवतं मी कशी हाये ते. म्हणले, यमुना, जरा कणीक दे मळून. मी उठले अन् दिली." गाठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "तेवढं एकदाच खरं विसरले ते."

मी बुवांच्या पाया पडायला गेल्तो तो आक्कांच्याच पडून आलो. बुवांची वाट बघायला पाहिजे होती. गाडी चुकेल या भीतीने थांबलो नाही. मला गाडी चुकायची भीती अजूनही वाटते.

पुढं एका सुट्टीत निवृत्तीकाकांनी एक गोष्ट सांगितली. एका मोठ्या कीर्तनकाराने बुवांना कायमचं सोबत घ्यायचं ठरवलं होतं. गाडीतून फिरायचं, मोठाले मंडप, कॅमेरे, मोबाईलवर लाखो लोकांनी बघायचं. पहिल्याच कार्यक्रमाला दुपारी बुवा तयार होऊन बसले आणि कळलं की पलीकडच्या शिवारात ऊसतोडीवर आलेल्या एका जोडप्याचं लेकरू गेलं. परमुलखातली माणसं, पाचटाच्या खोपीत राहणारी, दारात बसायलाही कोणी नाही. बुवा उठले. कीर्तनकार म्हणाले, "बुवा, आज गेलात तर पुन्हा बोलावणार न्हाई." बुवा म्हणाले, "बराबर."

"अन् तिथं गेल्यावर मागितली ना कणीक!" काका हसत होते. "त्या पोरीकडं, लेकराच्या मायकडं, गहू कुठला? ज्वारीचं पीठ व्हतं. तिनं तेच मळून दिलं. ज्वारी चिकटती व्हय रे चामड्याला? दोन थापा मारल्या की खाली. परत लावायचे, परत खाली. आवाज तर असा, पत्र्याचा डबा बरा. मी म्हणलं, बुवा, पिशवीत पीठ हाये का बघा की! तर माझ्याकडं असे बघितले..." काका हसायचे थांबले. "दिवस मावळेपर्यंत तसंच वाजवलं. जांबला वाजवायचे तसं, मान डोलावून. ती पोरगी खाली पडलेले तुकडे गोळा करून परत परत मळून देत व्हती."

मग काका म्हणाले, "मला त्या दिवशी कळलं. कुणाला बोललो न्हाई. बोललो असतो तर बायांनी उठणं सोडलं असतं."

मनीषा पखवाज शिकायला लागली ती मी इकडं आल्यावर. मायनेच पाठवली. पोरीच्या मांडीवर पखवाज, असं लोक तोंडावर बोलले. बुवांनी तिला पहिले चार महिने वाजवू दिलं नाही, नुसती कणीक लावायला आणि खरवडायला शिकवलं. फोनवर तक्रार करायची, "दादा, मी पखवाज शिकून राह्यले का स्वयंपाक?" आता ती जिल्हाभर कीर्तनाला साथ करते.

दीड वर्षापूर्वी बुवांना झटका आला. डावा हात गेला, तोच कणकेच्या बाजूचा. पखवाज त्यांनी मनीषाच्या घरी पोचता केला आणि त्याचं नाव काढलं नाही. यमुनाक्का मात्र सवयीने रोज फडक्यात पीठ बांधून खुंटीला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी बदलायच्या. मागच्या हिवाळ्यात आक्का गेल्या. मनीषाचा फोन आला, "बुवा उठंना झालेत. दूध सुदिक तोंडातून वघळतंय." तेव्हा मी भांडून रजा काढली. सातव्या दिवशी पोचलो.

बुवा भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा, डावा तसाच बाजूला. मी तो हात ओळखला. तो माझ्या मायचा हात होता, चौदा वर्षांपूर्वीचा.

संध्याकाळी भजनाला माणसं जमली. मनीषाने पखवाजाची खोळ काढली, उजवी बाजू लावली. माय बुवांच्या समोर जाऊन बसली.

"बुवा, पीठ विसरलो."

बुवांनी बऱ्याच वेळाने नजर वर केली. "माझीच विद्या मला शिकवती का सुमन?"

"मला काय म्हाईत. पोरगी पीठ विसरली."

"घरात बाई न्हाई आता."

"घरचं माणूस हाये ना. घरच्या हातची लागती, बाईच्या हातची म्हणला न्हवता तुम्ही."

"एकच हात हाये."

"बास हाये. पाणी मी घालते."

आणि माय बसून राहिली. दाराकडं बघत, अगदी त्यांच्यासारखी. निवृत्तीकाका धोतराच्या सोग्याने नाक पुसत होते. मला वाटलं, हे नाही उठले तर? मग अशा घरी कणीक कोण मागणार?

बुवांनी खुंटीकडं बोट केलं. मी पिशवी काढून दिली. आत फडकं होतं, आक्कांनी शेवटचं बांधलेलं. मी गाठ सोडायला गेलो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. गाठ त्यांनी एका हाताने आणि दातांनी सोडली. खूप वेळ लागला. पीठ परातीत पडलं. मायने पाण्याची धार धरली, परात सरकू नये म्हणून मी कडा धरून बसलो, आणि बुवा एका हाताने मळू लागले. डोळ्यांचं पाणी नाकावरून परातीत पडत होतं. कोणी त्यांना थांबवलं नाही. मायने गोळा हातात घेऊन दाबला.

"कमी हाये बुवा. अजून मळा."

त्यांच्या तोंडाची एक बाजूच हलायची. ती हलली. "बराबर," ते म्हणाले.

मनीषाने तुकडा तोडून डाव्या तोंडावर थापला. तिच्या पहिल्या थापेला बुवांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला निघायचं होतं. त्यांच्या घरावरून जाताना दारातून धूर येताना दिसला. वाकून बघितलं. बुवा चुलीपुढं बसले होते, उरलेल्या कणकेच्या पोळ्या करत. लाटणं एका हाताने चालत नव्हतं, म्हणून तळहाताने थापत होते. तिरकिट कधीच गेली होती, तिची पाट, तरणी शेळी, दारात उभी राहून आत तोंड घालत होती, बुवा तिला रागावत होते. मी या वेळी गाडीचा विचार केला नाही. आत जाऊन पाया पडलो. त्यांनी काही विचारलं नाही. तव्यावरची पोळी काढून कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

ती मी जालन्याच्या स्टेशनवर उघडली. एका अंगाने कच्ची होती, एका अंगाने करपलेली. मधोमध चार बोटं उठली होती, एकाच हाताची.